निरोगी खांद्याचं दुखणं

"खांदा? अंगात इतके अवयव असताना तुला खांदाच सापडला?"

औषधवाली हे आपल्या नवऱ्याला कुजबुजत विचारत होती, कारण पलीकडच्या खोलीत सासूबाई होत्या. कुजबुजत चिडणं हा फार त्रासाचा प्रकार आहे. आवाज चढवता येत नाही, दार आपटता येत नाही, सगळा राग डोळ्यांतून बाहेर काढावा लागतो. त्यात तिचं कालच ऑपरेशन झालेलं. छातीभोवती घट्ट पट्टा, पाठीशी उशांचा ढीग आणि हात वर करायला बंदी. त्या ढिगातली एकही उशी नवऱ्याच्या दिशेने भिरकावता येत नव्हती, याचं तिला जास्त दुःख होत होतं.

"ऐनवेळी सुचलं नाही गं," नवरा म्हणाला. "तुझ्या बॅडमिंटनच्या जोडीदारणीचा फोन आला. कोर्टवर का नाही आली म्हणून विचारत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, ऑपरेशन झालंय. कसलं, म्हणाली. मग काय सांगू?"

"अपेंडिक्स सांगायचं."

"ते तुझं आधीच काढलंय. तेव्हा दवाखान्यात तीच तर बसून होती."

"मग पित्ताशय."

"ते कुठे असतं तेच मला माहीत नाही," नवरा प्रामाणिकपणे म्हणाला. "उद्या तिने विचारलं, कुठे दुखतंय, तर मी बोट कुठे ठेवू?"

ऑपरेशन स्तन मोठे करण्याचं होतं. ते तिने का करून घेतलं, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी आधी आपण केस का रंगवतो आणि दातांना तारा का लावून घेतल्या याचं उत्तर द्यावं. तिला हवं होतं. मुलं शिकायला बाहेर पडली होती, औषधांचं दुकान बरं चाललं होतं, आणि रोज सकाळी कपडे घालताना आरशासमोर जो एक बारीकसा राग यायचा, तो तिला आता नको झाला होता. सर्जनबाईंनी सगळं समजावून सांगितलं, बेताचा आकार सुचवला, तिने होकार दिला. एवढंच.

पण ते गावभर सांगत फिरायची तिची तयारी नव्हती. दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाने बाटलीकडे बघावं, इतकीच तिची अपेक्षा होती. नवऱ्याशिवाय कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरलं होतं. जोडीदारणीलाही नाही. ती गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक" ओरडायची सवय असल्यामुळे तिची कुजबुजसुद्धा चौकापलीकडे जायची. तिला एखादी गुप्त गोष्ट सांगणं म्हणजे भोंग्यावरून पुकारण्यासारखंच होतं.

या दोघींनी कॉलेजपासून बॅडमिंटनची दुहेरी एकत्र खेळलेली. कालव्यापलीकडच्या क्लबातली एक जोडी दर वर्षी अंतिम सामन्यात त्यांना हरवायची आणि वर हसून हात मिळवायची. ते हसू दोघींच्या मनात घर करून बसलं होतं. यंदा तर जोडीदारणीने जाहीरच करून टाकलं होतं की आपला गुडघा आता साथ देत नाही, हे शेवटचं वर्ष. म्हणजे यंदाचा चषक गेला की कायमचा गेला. औषधवालीने ऑपरेशनची तारीखही स्पर्धेचा हिशेब करूनच घेतली होती. आधी नुसतं चालायचं, मग पायांचे व्यायाम, मग हळूहळू हात, मग उड्या, आणि सर्जनबाईंनी हो म्हटलं की कोर्ट. सगळं व्यवस्थित बसत होतं. फक्त एका माणसाला फोनवर "तिला जरा बरं नाही" एवढं म्हणता यायला हवं होतं.

बॅडमिंटन खेळणाऱ्यांना खांदा सांगणं म्हणजे आपण होऊन संकटाला पत्ता देणं. त्या क्लबात ज्याचा खांदा एकदा तरी दुखला नाही असा माणूस नव्हता, आणि ज्याचा दुखला तो त्यातला तज्ज्ञ होता. दुसऱ्याच दिवशी जोडीदारीण दारात उभी. हातात रबरी पट्टे, बर्फाच्या थैल्या, गळ्यात अडकवायची झोळी. पलंगाजवळ खुर्ची ओढून तिने पहिला प्रश्न विचारला, "कुठला खांदा?"

"डावा," नवरा म्हणाला.

"उजवा," त्याच क्षणी औषधवाली म्हणाली.

जोडीदारणीने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. औषधवालीने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंना केलंय." त्या अख्ख्या प्रकरणात तोवर बोललं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य होतं.

त्याचा परिणाम भलताच झाला. जोडीदारीण रडू लागली, आणि ती रडायची ते चिडून. दोन्ही खांदे जाईपर्यंत तू माझ्या शेजारी उभी राहून स्मॅश मारत होतीस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस, असं ती खिडकीच्या काचा हादरतील अशा आवाजात म्हणाली. पलीकडच्या खोलीतून सासूबाई धावत आल्या. त्यांना मुलाने "बायकांचं काहीतरी" असं सांगून ठेवलं होतं. आता त्यांना दोन्ही खांदे कळले. मुलाने आईपासून हे लपवावं याचा त्यांना राग आला, आणि राग आला की त्या कामाला लागायच्या. त्यांनी गरम पाण्याची पिशवी काढली.

ती पिशवी पुढे घरात सगळ्यांच्या जिवावर उठली. सर्जनबाईंनी निक्षून सांगितलं होतं की छातीच्या आसपास कसलाही शेक नको, तिथली कातडी काही दिवस बधिर असते, भाजलं तरी कळणार नाही. सासूबाईंचं म्हणणं, शेकाशिवाय खांदा सुटत नाही. त्या दर थोड्या वेळाने पिशवी भरून आणायच्या, औषधवाली "ठेवा आई, घेते मी" म्हणायची, आणि सासूबाई वळल्या की नवरा दाराआड बसून ती पिशवी स्वतःच्या खांद्यावर धरायचा, कारण त्या परत येऊन पाणी निवलं की नाही हे हात लावून बघायच्या. आठवड्याभरात त्याच्या खांद्यावर लाल चट्टा उठला. औषधवालीने त्याला मलम दिलं, पण सहानुभूती दिली नाही.

दुकानात जायला लागल्यावर वेगळीच कटकट सुरू झाली. वरच्या फळ्यांना हात पोचवायचा नाही, म्हणून तिने रोजची औषधं खाली आणून ठेवली. गिऱ्हाइकांनी कारण विचारलं. खांदा, म्हणाली. मग प्रत्येकाने आपापला खांदा सांगितला, आपल्या मेव्हण्याचा खांदा सांगितला, आणि एका गृहस्थांनी तर तिच्याच दुकानातून घेतलेल्या गोळ्या तिलाच काउंटरवर काढून दाखवल्या आणि त्या जेवणानंतर घ्यायच्या असतात असं समजावलं. ती सगळ्यांना हो म्हणत राहिली. आपलं शरीर, आपली इच्छा, आपण होऊन केलेलं काम, आणि त्यापायी आपण भलत्याच अवयवाबद्दल भलत्याच माणसांची सांत्वनं का ऐकून घेतोय, या विचाराने तिचं डोकं संध्याकाळपर्यंत नुसतं भणभणायचं.

खरा घोटाळा झाला तो सकाळी फिरायला जाताना. चालायची परवानगी मिळाली होती, म्हणून ती कोपरं अंगाशी धरून तळ्याभोवतीच्या रस्त्यावर चालत होती. समोरून हाडांचे डॉक्टर आले. ते निवृत्त होते आणि क्लबाच्या कमिटीवर होते. दवाखाना बंद केल्यापासून त्यांच्या हाताखाली एकही हाड आलेलं नव्हतं, आणि ती उणीव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायची.

"दोन्ही?" ते म्हणाले. त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. "एकाच वेळी? कोणी केलं?"

बाहेरगावच्या एका बाई आहेत, असं ती म्हणाली. बाहेरगावचे खांद्याचे सगळे सर्जन आपले विद्यार्थी आहेत आणि त्यांत एकही बाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती चालायचा वेग वाढवत गेली. पळायची परवानगी अजून नव्हती, नाहीतर ती पळालीच असती. डॉक्टर शेजारी राहून व्यायाम सांगत राहिले. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. रोज थोडी वर. "मी लक्ष ठेवीन," ते म्हणाले, आणि दुर्दैवाने ते शब्दाचे पक्के होते.

दिवस गेले. ती नियमाने वागली. चालणं झालं, पायांचे व्यायाम झाले, नंतर हलकी वजनं, नंतर घट्ट स्पोर्ट्स ब्रा घालून दोरीवरच्या उड्या. घरामागच्या भिंतीवर ती शटल मारू लागली, आधी खालून, मग डोक्यावरून. आधी छातीत ओढ लागायची, अंग सावध व्हायचं. मग एके दिवशी तिने स्मॅश मारला आणि काहीही दुखलं नाही. सर्जनबाईंनी तपासून सांगितलं, आता सगळं खेळा. आरशासमोरचा तो बारीकसा राग नाहीसा झाला होता, खांदे तर मुळात ठणठणीत होते. औषधवाली इतकी आनंदात होती की त्या दिवशी तिने नवऱ्यालाही माफ केलं.

स्पर्धेआधीच्या पहिल्या सरावाला क्लबात जाताना तिची बॅग जोडीदारणीने उचलली होती. इतके दिवस ती तेच करत होती. दुकानातली खोकी उचल, भाजीच्या पिशव्या उचल, औषधवाली नको म्हणाली की "गप्प बस" म्हणून पुन्हा उचल. दोघी हॉलच्या दारात पोचल्या तर तिथे सेक्रेटरी उभे. कमिटीने नवा नियम केला होता. दुखापतीनंतर परतणाऱ्या खेळाडूला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय स्पर्धेत उतरता येणार नाही. सर्टिफिकेट आणते, असं औषधवाली म्हणताच सेक्रेटरींनी हात हलवला. कागद कशाला, आपले डॉक्टर आहेत ना.

नियम नेमका याच महिन्यात का झाला, हे कोर्टवर दिसत होतं. सेक्रेटरींची सूनबाई नवी कोरी रॅकेट घेऊन सर्व्हिसचा सराव करत होती. तिच्या पाच सर्व्हिसमधल्या तीन नेटमध्ये जात होत्या आणि सेक्रेटरी प्रत्येकीला "जवळ आली हं" म्हणत होते. औषधवालीला खेळायला मिळालं नाही, तर जोडीदारणीबरोबर ही उतरणार होती. जोडीदारणीचं शेवटचं वर्ष, शेवटचा चषक, आणि शेजारी ही.

तपासणी ऑफिसच्या खोलीत झाली. एक टेबल, स्पर्धांत जिंकलेल्या जुन्या ढाली ठेवलेलं कपाट, एक डुगडुगणारी खुर्ची. औषधवालीला खुर्चीत बसवून डॉक्टरांनी बाहीवरूनच आधी उजवा खांदा दाबला, मग डावा. मग बाही थोडी वर सरकवायला सांगितली आणि चष्मा नीट करून बघितलं.

"एकही व्रण नाही," ते हळूच म्हणाले. "सेक्रेटरी, इकडे या. दोन्ही खांदे उघडले आणि एकही खूण नाही. काय हात आहे त्या बाईचा."

सेक्रेटरींनी लांबूनच मान डोलावली. डॉक्टरांनी मग हात धरून वर नेला, मागे नेला, गोल फिरवला. सुरुवातीला बरेच दिवस कोपरं अंगाशी धरून वावरल्यामुळे हात मागे नेताना अजून किंचित आखडायचा हे खरं, पण ते मलासुद्धा किंवा तुम्हालासुद्धा झालं असतं. मध्येच टक् असा आवाज आला.

"ऐकलंत?" डॉक्टर म्हणाले.

"तो तुमच्या अंगठ्याचा होता," औषधवाली म्हणाली.

डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी हात पुसले, खुर्चीच्या पाठीला टेकून उभे राहिले आणि निकाल दिला. सांधा आतून कच्चा आहे. निदान सहा महिने डोक्यावरून फटका मारायचा नाही. यंदाची स्पर्धा विसरा. सेक्रेटरींनी फार वाईट वाटल्याचा चेहरा केला आणि दाराकडे बघितलं, कारण दारापलीकडे सूनबाई होती.

औषधवाली उठून उभी राहिली. आतापर्यंतचा सगळा राग, उशांचा, पिशवीचा, गिऱ्हाइकांच्या मेव्हण्यांचा, भिंतीवर चढवलेल्या मुंगीचा, एकदम बाहेर आला. ती म्हणाली, "माझ्या खांद्याला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. मी स्तन मोठे करून घेतले. इम्प्लांट. दोन्ही बाजूंना. ते बरे झालेत, मी बरी आहे, मला खेळायचंय."

सेक्रेटरी कपाटातल्या सर्वांत वरच्या ढालीकडे बघू लागले. डॉक्टरांनी मात्र, ते डॉक्टर असल्यामुळे, क्षणभर नीट बघितलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि अतिशय मायेने म्हणाले, "मुली, मी समजू शकतो."

"काय समजू शकता?"

"खेळाडूला खेळ सुटला की तो काहीही बोलतो. माझ्याकडे एकजण मोडका पाय घेऊन आला होता, म्हणाला हा माझ्या भावाचा आहे." ते जरा थांबले. "तू म्हणतेस तसं काही असतं, तर माझ्या लक्षात आलं नसतं का?"

"मॅडम, इतक्या थराला जाऊ नका," सेक्रेटरी ढालीला म्हणाले.

औषधवालीला काय वाटलं हे सांगणं अवघड आहे. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि आता त्याच गोष्टीचा तिला असा संताप आला होता की टेबल उलथून टाकावं. इतका खर्च, इतकं दुखणं, इतके दिवस पाठीवर झोपणं, आणि एका डॉक्टराला समोर उभं राहून सांगितलं तरी पटत नाही? ती तोंड उघडणार तेवढ्यात दार उघडलं.

जोडीदारीण आत आली. तिने सगळं ऐकलं होतं. दारं जाड असून उपयोग नव्हता, कारण चिडल्यावर औषधवालीचा आवाजही काही कमी नव्हता. जोडीदारीण डॉक्टरांकडे बघितल्यासारखं करून म्हणाली, "ती खरं बोलतेय. ती शांतपणे बोलते तेव्हा मला शंका येते. चिडून ती कधी खोटं बोललेली नाही." आणि मग औषधवालीकडे वळून, "रॅकेट घे. कोर्टवर चल."

सूनबाईला न सांगताच कळलं की आपण बाजूला व्हावं. जोडीदारीण नेटपलीकडे जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या एकमेकींच्या विरुद्ध क्वचितच खेळल्या असतील. पहिलं शटल तिने असं उंच मारलं की ते छताच्या दिव्यांत दिसेनासं झालं. औषधवाली मागे धावली, उडी मारली आणि परत पाठवलं.

"पिशव्या उचलल्या मी तुझ्या," जोडीदारीण म्हणाली आणि दुसरं मारलं, त्याहून उंच.

"नको म्हणत होते मी."

"डोळ्यांत पाणी आणून नको म्हणत होतीस. मला वाटायचं खांदा दुखतोय." तिसरं शटल उजव्या कोपऱ्यात. "तुझ्या खांद्यांची काळजी करत होते मी, आणि तू मला सांगितलं नाहीस. मला."

"सांगितलं असतं तर शिकाऊ लोकांना क्लच सोडता सोडता कळलं असतं."

हे जोडीदारणीला लागलं, कारण ते खरं होतं. पुढचा फटका तिने सरळ औषधवालीच्या अंगावर मारला. औषधवालीने तो पोटाजवळून उचलला. उंच, मागे, अजून उंच, डावीकडे. जोडीदारीण तिला दमवायला खेळत होती आणि औषधवाली दमत नव्हती. हात डोक्यावरून सुटे फिरत होते, छाती घट्ट बांधलेली होती आणि जागच्या जागी होती, आणि प्रत्येक फटक्यागणिक तिच्या अंगातून एकेक दिवसाचा राग निघून जात होता. शेवटी तिने उंच उडी घेऊन असा स्मॅश मारला की शटल जोडीदारणीच्या बुटांपाशी आदळून तिथेच पडलं.

दारातून टाळ्या आल्या. डॉक्टर आणि सेक्रेटरी तिथे केव्हाचे उभे होते.

"बघितलंत?" डॉक्टर सेक्रेटरींना म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "दोन्ही खांदे. इतक्या कमी दिवसांत. भिंत चढायला सांगितलं होतं मी हिला. बोटांनी. मुंगीसारखी." खोलीत मिळालेला निकाल कोर्टवर बदलला, आणि तो आपल्याच उपचारांनी बदलला, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. सेक्रेटरींना नाइलाजाने नाव पक्कं करावं लागलं. सूनबाईने हुश्श केलं. तिला मुळात खेळायचंच नव्हतं, पण सासऱ्यांना कसं सांगायचं हे तिला सुचत नव्हतं.

दोघी बाकावर बसल्या. घाम पुसला, पाणी प्यायल्या. जोडीदारीण अजून फुगलेलीच होती. औषधवाली म्हणाली, "मघाचा तो उंच फटका तू सोडलास. नुसती उडी मारली असतीस तरी मिळाला असता. गुडघा इतका दुखतोय का?"

जोडीदारीण बाटलीचं झाकण लावत राहिली. ते लागलेलं होतं तरी लावत राहिली.

"गुडघ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

जोडीदारणीने आजूबाजूला बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर कुजबुजली. उडी मारली की लघवीचे थेंब जातात. जोरात हसलं तरी जातात. धाकट्याच्या बाळंतपणापासून थोडं होतंच, आता वाढलंय. मागच्या अंतिम सामन्यात तर तिने काळी पँट घातली म्हणून निभावलं. पुढच्या वर्षी लोकांसमोर फजिती व्हायच्या आधी आपणच थांबावं, म्हणून गुडघा.

औषधवालीने तिच्या हातातली बाटली काढून घेतली. "मी गेलं वर्षभर तुझ्या गुडघ्याला मलम पाठवतेय."

"सासऱ्यांना लावते. त्यांना फार गुण आला."

"अगं, यावर व्यायाम असतात. शिकवणाऱ्या बाई आहेत. काही महिन्यांत फरक पडतो. तोवर पॅड असतात, खेळताना लावायचे, माझ्या दुकानात खालच्याच फळीवर आहेत. दर आठवड्याला मी कोणाकोणाला देते, कोणाला काही वाटत नाही."

"तुझ्याच दुकानातून कशी घेणार?" जोडीदारीण म्हणाली. "मी कालव्यापलीकडून आणते. गाडी शिकवायच्या निमित्ताने जाते. तो शिकाऊ माणूस बिचारा विचारतो, मॅडम आपण रोज औषधांच्या दुकानासमोरच का पार्क करायचं?"

आता औषधवालीची चिडायची पाळी होती आणि तिने ती सोडली नाही. मला सांगितलं नाहीस? मला? मी लोकांच्या दुखण्यांवर जगते आणि तू कालव्यापलीकडे जातेस? शेवटचं वर्ष, शेवटचं वर्ष म्हणून माझा जीव टांगणीला लावलास, मी ऑपरेशनची तारीख त्यावर बेतली, दोन्ही खांद्यांनिशी आयुष्यातून उठायची वेळ आली, आणि तुझ्या दुखण्यावरचा उपाय माझ्या खालच्या फळीवर होता? जोडीदारीण आधी ऐकून घेत होती. मग ती हसायला लागली. मग हसता हसता एकदम गप्प झाली आणि गुडघ्याला गुडघा लावून ताठ बसली. ते बघून औषधवालीलाही हसू फुटलं आणि दोघींना बराच वेळ एकमेकींकडे बघता येईना.

"पुढच्या वर्षी खेळायचं," औषधवाली म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. खेळायचं. त्याच्या पुढच्याही वर्षी."

तेवढ्यात डॉक्टर हात चोळत आले. दोन खांदे बरे करून त्यांची भूक वाढली होती. ते जोडीदारणीसमोर वाकले आणि म्हणाले की तिचा तो गुडघा कधीचा त्यांच्या डोक्यात आहे, आता वेळ आहे, दाखवाच. नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. त्यांनी पाय हातात घेतला, वाटी सरकवून बघितली, वाकवला, सरळ केला, कान लावून ऐकला. मग पाय हळूच खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच निराशा दिसली.

"या गुडघ्याला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "अगदी निरोगी आहे. हव्या तेवढ्या उड्या मारा."

"नीट बघा, डॉक्टर," जोडीदारीण ताडकन म्हणाली. "दुखतो तो."

"भयंकर दुखतो," औषधवाली म्हणाली. "वर्षभर मलम देतेय मी."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं आणि गोंधळून मान हलवली. त्या दिवसातलं त्यांचं एकच निदान बरोबर होतं. पण या माणसाला हाडांतलं काही कळत नाही, याबद्दल दोघींचं तिथल्या तिथे एकमत झालं आणि ते त्यांनी डॉक्टरांना ऐकवूनही दाखवलं.